शितावरून भात कळतो, पुलाचं काय?



'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण दरवर्षी शिकवतो. अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. पण या म्हणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजली आहेत, म्हणून एक शीत बाकीच्यांच्या वतीने बोलू शकतं. दुसरी, जे शीत आपण दोन बोटांत चिरडलं ते कामातून गेलं. भातातलं एक शीत गेल्याने कुणी उपाशी राहत नाही, म्हणून हे चालतं.

आता पूल घ्या. पूल एकच असतो. तो किती भार सोसेल हे मोडून पाहिलं, तर उत्तर मिळेल पण पूल उरणार नाही. रेल्वेचा रूळ, विमानाचं इंजिन, बॉयलरची टाकी, शाळेचा स्लॅब, सगळ्यांचं तेच. कारखान्यात बनलेल्या शंभर सळयांपैकी एक ताणून तोडता येते आणि बाकीच्या नव्व्याण्णवांचा अंदाज करता येतो. पण तीस वर्षं पावसात उभ्या असलेल्या खांबातली सळई तिच्यासारखी तीच असते. तिची चाचणी घ्यायची तर तिला धक्का न लावता घ्यावी लागते.

अशा तपासणीचं एक मोठं शास्त्र आहे. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत त्याला 'एनडीटी' म्हणतात. मी या लेखात 'न मोडता तपासणी' असंच म्हणणार आहे, कारण पाठ्यपुस्तकी शब्द वापरला की मुलं अर्थ विचारायच्या आधीच तो पाठ करायला घेतात. या विषयावर आपण शिक्षक-पालकांनी का वाचायचं, ते पुढे येईलच. शाळा व्यवस्थापन समितीवर आपणच असतो आणि इमारतीच्या तपासणीचा अहवाल कधी ना कधी आपल्यासमोर येतो, एवढं आत्ता ध्यानात ठेवा.

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने टकटक वाजवतो. खणखणीत वाजला की घेतो, बद्द वाजला की बाजूला ठेवतो. चीर डोळ्यांना दिसत नसली तरी आवाज बदलतो, कारण माठाचा थरथराट चिरेपाशी अडतो आणि लवकर विझतो. जुन्या काळी रेल्वेत चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकणारी माणसं असत. त्यांचं काम म्हणजे हीच माठाची परीक्षा, फक्त माठाच्या जागी लोखंडी चाक.

दुसरी पद्धत आपल्या कपाटातच आहे. चिनी मातीच्या जुन्या कपाला केसाएवढा तडा जातो, तो पहिल्यांदा दिसतच नाही. पण रोजच्या चहाने त्यात रंग शिरतो आणि महिन्याभरात तपकिरी रेघ उमटते. रेल्वेच्या जुन्या कारखान्यांनी हेच मुद्दाम केलं. लोखंडी भाग तेलात बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, वरून खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा हात द्यायचा. तड्यात लपलेलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ दिसते. आज तेलाच्या जागी चमकणारा रंग आणि अतिनील दिवा आला आहे, पण युक्ती तीच आहे.

ही कृती वर्गात जरूर करा. टवका उडालेला किंवा तडकलेला एखादा कप घ्या (फुटलेली कड स्वतः हाताळा, मुलांच्या हाती देऊ नका). तड्याच्या जागी निळी शाई लावा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. कप पांढरा होतो आणि तडा निळा राहतो. मग मुलांना विचारा, तडा कपाच्या आतल्या आत असता आणि बाहेरपर्यंत आलाच नसता तर? मुलं थांबतात, विचार करतात आणि कुणीतरी म्हणतं, "मग शाई जाणार कुठून?" या पद्धतीची मर्यादा त्या एका वाक्यात आली. पृष्ठभागावर तोंड उघडलेला तडाच ती दाखवते.

आतलं पाहायला लाटा लागतात. विल्हेल्म रॉन्टगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि हाडांच्या पाठोपाठ धातूचेही फोटो निघू लागले. पुढे १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्हने सुचवलं की माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलाटा धातूतून पाठवून त्यातले दोष शोधता येतील. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोनने १९४० च्या सुमारास त्यासाठी एक यंत्र केलं. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसंच हे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. तळापर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागायला हवा त्याआधीच प्रतिध्वनी आला, तर मध्येच काहीतरी आहे. आपल्या रेल्वेतही रुळांवरून हातगाडी ढकलत चालणारी माणसं याच लाटांनी रूळ तपासत जातात. पुढच्या वेळी फाटकाशी थांबलात आणि अशी गाडी दिसली, तर मुलांना जरूर दाखवा.

इथवर सगळं सोपं वाटतं. यंत्र आणा, लावा, तडा शोधा. खरी अडचण यापुढे आहे आणि मला हा विषय याच भागासाठी महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत ओहायो नदीवर सिल्व्हर ब्रिज नावाचा पूल होता. तोही १९२८ चाच. लोखंडी पट्ट्यांच्या साखळीवर तो तोललेला होता. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, तो वाहनांसकट नदीत गेला. ४६ माणसं मेली. चौकशीत कळलं की साखळीतल्या एका पट्टीला, तिच्या भोकाच्या आतल्या बाजूला एक चीर होती. तिची खोली सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीवरच्या तीन बारीक रेघांच्या आत मावेल एवढी. जागा अशी अडचणीची की जोड उकलल्याशिवाय ती चीर त्या वेळच्या कुठल्याही साधनाने दिसली नसती, आणि जोड उकलायचा म्हणजे पूलच उतरवायचा. या घटनेनंतर तिथे पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम आले.

आपल्याकडे महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही. कोकणातल्या वाचकांना ती रात्र वेगळी सांगायला नको. दोन पुलांची रचना वेगळी, पडण्याची तऱ्हाही वेगळी. मी दोन्ही एकत्र आठवते ती एवढ्यासाठीच की वरून चालणाऱ्याला पूल जसा दिसतो, तेवढ्यावरून भरल्या पाण्याखालच्या पायाबद्दल किंवा जोडाच्या आतल्या चिरेबद्दल काहीच सांगता येत नाही.

सिल्व्हर ब्रिजच्या बाबतीत साधनच नव्हतं. पण साधन असूनही चुकतं, ते जास्त शिकवणारं आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत २९६ माणसं घेऊन निघालेल्या एका डीसी-१० विमानाच्या शेपटीकडच्या इंजिनातली टायटॅनियमची मोठी चकती हवेतच फुटली. तिच्या तुकड्यांनी विमान वळवण्याची सगळी यंत्रणा कापली गेली. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, तरी ११० हून अधिक माणसं गेली. चकती ओतताना, १९७० च्या सुमारास, धातूत एक कडक ठिसूळ ठिपका राहून गेला होता. तिथून चीर सुरू झाली आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर थोडी थोडी वाढत गेली.

आता नीट वाचा. ही चकती अपघाताच्या साधारण दीड वर्ष आधी तपासली गेली होती. पद्धत कोणती? तीच, कपातल्या शाईची. चमकणारा रंग लावून, पुसून, दिव्याखाली. चौकशी मंडळाच्या मते त्या वेळी चीर सापडण्याएवढी वाढलेली होती. पद्धत योग्य होती, चीर हजर होती, माणसाने पाहिलंही होतं, आणि तरीही ती दिसली नाही. रोज शेकडो भाग पाहणाऱ्या आणि बहुतेक वेळा काहीच न सापडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं काय होतं, याचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं मंडळाने नोंदवलं. पेपरांचा गठ्ठा तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको! चाळिसाव्या उत्तरपत्रिकेनंतर डोळा वाचत नाही, नुसता फिरतो.

या क्षेत्रातल्या लोकांना हा धक्का त्याआधीही बसला होता. अमेरिकी हवाई दलाने १९७० च्या दशकात चिरा असलेले विमानाचे भाग गोळा केले आणि ते एका तळावरून दुसऱ्या तळावर नेत तिथल्या तपासनिसांचीच परीक्षा घेतली. निकाल अपेक्षेपेक्षा बराच खाली आला. तेव्हापासून या शास्त्राचा मूळ प्रश्नच पालटला. 'तुमच्या यंत्राला किती लहान चीर सापडते?' असं विचारण्याऐवजी 'तुमच्या हातून किती मोठी चीर सुटू शकते?' असं विचारलं जाऊ लागलं. पहिला प्रश्न जाहिरातीचा आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आकडेशास्त्र लागतं, मानसशास्त्र लागतं आणि खऱ्या चिरा असलेले ढीगभर नमुने लागतात. नुसतं महाग यंत्र घेऊन ते मिळत नाही.

मूलभूत संशोधनाची गरज आहे ती अशा ठिकाणी. लोक विचारतात, इतकी यंत्रं असताना आता संशोधन कशाचं? त्याचं एक उत्तर आपल्या दुसरीच्या गणितात आहे. ७ अधिक ५ किती? उत्तर एकच, १२. आता उलटं विचारा, कोणत्या दोन संख्यांची बेरीज १२? ११ आणि १, १० आणि २, ६ आणि ६... मुलं मजेत यादी करतात. न मोडता तपासणी हे असं उलटं गणित आहे. आत अमुक आकाराची चीर असेल तर प्रतिध्वनी कसा येईल, हे काढता येतं. पण प्रतिध्वनी हातात आल्यावर आत काय आहे हे शोधताना एकाहून जास्त उत्तरं जमतात. आडवी मोठी चीर आणि तिरकी लहान चीर एकसारखा आवाज देऊ शकतात. चिरेची दोन्ही तोंडं दाबली जाऊन घट्ट मिटलेली असतील, तर लाट सरळ पार निघून जाते आणि यंत्र म्हणतं, सगळं ठीक.

वर्गात यासाठी काडेपेटीचा खेळ घ्या. चार रिकाम्या काड्यापेट्यांत खडा, दोन चिंचोके, खडूचा तुकडा आणि गुंडाळलेला कागद घाला. मुलांनी न उघडता, हलवून ओळखायचं. ओळखल्यावर पुढचा प्रश्न विचारा: "दुसरं काय असतं तर असाच आवाज आला असता?" माझ्या मते खेळाचा जीव या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

लाटेची स्वतःची लांबीही आडवी येते. पोलादात सेकंदाला ५० लाख कंपनांची लाट पाठवली तर तिची लांबी साधारण १.२ मिलिमीटर होते. तिच्या निम्म्याहून बारीक दोष तिला फारसा जाणवत नाही, जसं मोठ्या भोकांच्या चाळणीत रवा अडकत नाही. मग लाट आणखी बारीक करावी? काँक्रीटमध्ये ते जमत नाही. त्यात खडी, वाळू, पोकळ्या अशी भेळ असते आणि बारीक लाट खडीवर आपटून विखुरते. म्हणून तिथे सेकंदाला सुमारे ५० हजार कंपनांची जाडी लाट वापरतात. तिची लांबी होते साधारण ८ सेंटिमीटर! एवढ्या लांब लाटेने केसाएवढी चीर पाहणं म्हणजे बोटांत बॉक्सिंगचे हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. विखुरलेल्या लाटांतून उपयोगाची माहिती कशी काढायची, हा आजही अभ्यासाचा विषय आहे.

आता शाळेच्या इमारतीकडे येऊ. जुन्या वर्गखोल्या तपासायला येणारे बहुधा एक स्प्रिंगची हातोडी आणतात. ती भिंतीवर दाबली की आतला दांडा आपटून उसळतो, किती उसळला तो आकडा घ्यायचा. अर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याने १९५० च्या आसपास ती रूढ केली. हातोडी स्वस्त आणि हलकी आहे, उपयोगाचीही आहे. पण ती मोजते पृष्ठभागाचा कडकपणा आणि आपल्याला हवी असते आतली ताकद. जुन्या काँक्रीटच्या वरच्या थराशी हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू संयोग पावतो आणि तो थर अधिक कडक होतो. हातोडी खूश होते, आकडा चढतो. आणि हाच बदल आतल्या सळईपर्यंत पोचला की सळईचं गंजापासून होणारं संरक्षण संपतं. म्हणजे जो बदल आकडा वाढवतो, तोच सळईला मारक! आपल्या पूर्वीच्या भारतीय मानकातही (आयएस १३३११, भाग २) या हातोडीवरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडे-तिकडे धरावेत असं म्हटलेलं होतं. ते पान अहवालाला सहसा जोडलेलं नसतं.

सळईचा गंज पाहायला विद्युतदाब मोजण्याची वेगळी पद्धत आहे. ताम्र-मोरचुदाच्या विद्युतअग्राने मोजताना उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा आला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक समजतात. शक्यता, हा शब्द लक्षात घ्या. सळई किती खाल्ली गेली, किती जाडी उरली, हे तो आकडा सांगत नाही. गंज चढतो आहे हे कळणं आणि स्लॅब अजून किती पावसाळे काढेल हे कळणं, यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर कापायला धातू, पाणी, क्षार, भार या सगळ्यांचं एकमेकांशी काय चालतं हे मुळातून समजावं लागतं.

नव्या वस्तूंनी तर नवेच प्रश्न आणलेत. विमानांचे पंख आता कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून करतात. वरून हातातलं अवजार पडलं तर बाहेर जेमतेम खूण दिसते आणि आत थर सुटलेले असतात. डिंकाने चिकटवलेल्या जोडांचं आणखी अवघड. बुटाचा तळ कधी कधी चिकटलेला दिसतो, बोट फिरवलं तरी फट लागत नाही, पण ओढला की अलगद हातात येतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात, पण धरलेले नसतात. लाटेला तिथे फट मिळत नाही, म्हणून ती पार होते. जोड न ओढता त्याची ताकद सांगेल अशी भरवशाची पद्धत आजही नाही. आणि त्याहून मागे गेलं तर, चीर पडायच्या आधीच धातू थकत चालला आहे हे ओळखता येईल का? तार वाकवून-वाकवून तोडताना तुटायच्या आधी ती गरम होते, कडक होते, आपल्या बोटांना ते कळतं. पुलाच्या पट्टीत हे ओळखायचं, तर धातूच्या कणांच्या पातळीवर काय बदलतं ते आधी माहीत हवं. आपल्या देशात कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात यावर बरंच काम झालं आहे, डॉ. बलदेव राज यांचं नाव त्यात मोठं आहे. अणुभट्टीतला पाइप मोडून बघायची सोयच नसते, तेव्हा तिथे हे शास्त्र वाढावं हे साहजिकच.

थोडं विषयांतर. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या तक्त्यांत आपण जे आकडे भरतो, तेही हातोडीच्या आकड्यांसारखे असतात. पृष्ठभाग किती कडक हे ते सांगतात. यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, आज नको.

तर, समितीच्या बैठकीत इमारतीच्या तपासणीचा अहवाल आला तर काय विचारायचं? मी एक अहवाल पाहिला आहे, कुठला ते सांगत नाही. त्यात 'हातोडी चाचणी समाधानकारक' एवढी एक ओळ होती आणि खाली सह्यांसाठी जागा. सही करण्याआधी निदान हे विचारा. गिलावा काढून हातोडी लावली की गिलाव्यावरच? गिलाव्यावर लावली असेल तर तपासणी गिलाव्याची झाली, काँक्रीटची नव्हे. किती ठिकाणी लावली, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळा? छत गळतं त्या कोपऱ्यात लावली का, की कोरड्या खांबालाच? हातोडीबरोबर ध्वनिलाटांची चाचणी घेतली का? तिच्यात काँक्रीटमधून लाट जास्त वेगाने गेली तर दर्जा चांगला धरतात, वेग कमी आला तर संशयास्पद. संशय आला तिथला छोटा गोल तुकडा काढून तो प्रयोगशाळेत दाबून पाहिला का? ही मात्र मोडूनच करायची चाचणी आहे, आणि कधी कधी तेवढं एक शीत चिरडावंच लागतं.

शेवटचा प्रश्न म्हणजे या तपासणीत काय पाहता आलं नाही. जाणकार अभियंता या प्रश्नाने रागावत नाही. तो कागद मागून घेतो आणि पाया, बंद भिंतीतला तुळईचा टोकाकडचा भाग, टाकीखालचा स्लॅब असं एकेक लिहून देतो. ती यादी अहवालाला जोडून घ्या, बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा आणि त्या यादीतल्या जागांखाली कोणता वर्ग बसतो तेही त्याच दिवशी पाहून घ्या.